नोंदणीकृत चाइल्डमाइंडर (इंग्लंड)

स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुले मोबदला घेऊन सांभाळणाऱ्या व्यक्तीला इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर म्हणतात. 8 वर्षांखालील मूल दिवसाला 2 तासांहून जास्त सांभाळायचे असेल, तर 2006 च्या बालसंगोपन कायद्यानुसार ऑफस्टेड या तपासणी संस्थेकडे किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. आजी-आजोबा, काका, मावशी अशा नातेवाइकांना ती लागत नाही. संध्याकाळी 6 ते रात्री 2 एवढ्याच वेळेत मुले सांभाळणाऱ्यांनाही नाही.

खरी मेख ‘मोबदला’ या शब्दात आहे. 2009 मध्ये दोन महिला पोलीस आळीपाळीने एकमेकींची मुले सांभाळत होत्या. पैशांची देवघेव नव्हती, तरी ही परतफेड मोबदलाच ठरते, असे ऑफस्टेडने म्हटले. त्यावर बरीच ओरड झाली आणि मैत्रीखात्यातल्या अशा बिनपैशाच्या अदलाबदलीला सूट मिळाली.

एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी 8 वर्षांखालील जास्तीत जास्त 6 मुले असू शकतात. त्यांतली लहान मुले 3 आणि वर्षाच्या आतले तान्हे एकच. पाचव्या वाढदिवसानंतरच्या 1 सप्टेंबरपर्यंत मूल ‘लहान’ धरतात. या मोजणीत स्वतःची मुलेही येतात, आणि नवख्यांचा हिशेब हमखास तिथेच चुकतो. भावंडांसाठी किंवा स्वतःच्या तान्ह्यासाठी आकडा थोडा वाढवता येतो. मात्र प्रत्येक मुलाकडे पुरेसे लक्ष पुरवता येईल हे दाखवून देता आले पाहिजे.

काम घरात चालते, म्हणून चौकशी घरातल्या सगळ्यांची होते. तिथे राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या 16 वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. नवा भाडेकरू आला तर ऑफस्टेडला 14 दिवसांत कळवायचे आणि तपासणी होईपर्यंत त्याला मुलांजवळ एकटे सोडायचे नाही. घरातला मुलगा सोळाचा झाला की त्याचीही तपासणी लागते, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही.

बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दर 3 वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. सार्वजनिक दायित्वाचा विमा (दुसऱ्या कुणाला इजा किंवा नुकसान झाले तर भरपाई देणारा) हवा, रोजची हजेरी वेळेसह लिहिलेली हवी. औषध देण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्यायची. शारीरिक शिक्षेला पूर्ण मनाई आहे; इजा टाळण्यासाठी मुलाला धरून आवरावे लागलेच, तर त्याची नोंद करून शक्यतो त्याच दिवशी पालकांना सांगायचे. मदतनिसाच्या भरवशावर मुले सोडता येतात, पण पालकांच्या संमतीने आणि दिवसाला 2 तासांपर्यंतच.

मुलांना धोका असल्याचा सबळ संशय आला तर ऑफस्टेड नोंदणी एका वेळी 6 आठवड्यांपर्यंत स्थगित करते. त्याविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करता येते. पण नुसते अपील केल्याने स्थगिती उठत नाही.