कुत्र्या-मांजरांची अँटिबायोटिक आणि आपल्याकडची अर्ध्या गोळीची सवय

गेल्या पावसाळ्यात बेळगावकडच्या खानापुरात आमच्या मांजराला, मनीला शिंका लागल्या, डोळे चिकटायला लागले. शेजारच्या काकूंच्या घरात नातवाच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप उरलेली होती, ती घेऊनच आल्या. "अगं मोडून अर्धी घाल की, डॉक्टरकडं कशाला पळतीस, आमच्या टिप्याला तसंच दिलं, बरं झालं की." मी ती नाही दिली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, लिहून दिली आणि मेडिकलवाल्यानं पाकिटावर कानडीत लिहिलं, 'दिनक्के ओंदु, ऊट आद मेले', म्हणजे दिवसाला एक, जेवण झाल्यावर. त्यातलं 'जेवण झाल्यावर' तेवढं मी पाळलं नाही. कोरडी गोळी जिभेच्या मागं ढकलायची, जबडा मिटून धरायचा, गिळली की सोडायचं, असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मनी वाटीपाशी यायची, वास घ्यायची, मान पुढं ताणून एकदा गिळायची आणि मागं सरायची. डॉक्टर म्हणाले, डॉक्सी कोरडी दिली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते, तिथं जखम करते, पुढं नळी आवळतेसुद्धा. गोळीमागं सिरिंजनं पाच-सहा मिली पाणी पाजायचं नाहीतर लगेच थोडं ओलं खाणं द्यायचं, एवढीच काळजी होती. मनी वाचली. पण एवढं साधं आपल्या घराघरात कुणाला कसं ठाऊक नाही हे डोक्यातनं जाईना, म्हणून अँटिबायोटिकचं मागचं सगळं वाचत बसले.

सुरुवातीपासूनच ही औषधं जनावराच्या अंगावरनंच माणसाकडं आलीत. शास्त्रज्ञ फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं 1928 ला, पण ते अंगात काम करतं हे दिसलं ऑक्सफर्डमध्ये, 25 मे 1940 ला. आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. ज्यांना दिलं ते जगले, बाकीचे रात्रीतच मेले. आता हेच जर त्यांनी उंदराऐवजी गिनीपिगवर करून बघितलं असतं तर? गिनीपिगला पेनिसिलिन सोसत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावतं. कदाचित औषध तिथंच बाजूला पडलं असतं. औषध तेच असलं तरी अंग बदललं की त्याचं काम बदलतं, हे तेव्हापासून डोळ्यासमोर आहे, तरी आपण माणसाची गोळी मांजराला घालतो. आणि 1945 ला नोबेल घेताना फ्लेमिंगनंच सांगून ठेवलेलं की कमी डोस दिला तर जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात.

आपल्याकडं 1954 ला पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पेनिसिलिन देशातच बनायला लागलं. पण आपल्या भागात म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडं चंदगड, गडहिंग्लजपर्यंत, अँटिबायोटिक घरात आलं ते बहुतेक म्हशीच्या पायानं. दूध डेअरीला जायला लागलं, संकरित गाई आल्या, मग कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली की सडात सोडायची ट्यूब, ताप आला की ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन. गुरांचा डॉक्टर लांबच्या गावाला गेलेला असायचा, तोपर्यंत घरातलाच कोणीतरी अंदाजानं द्यायचा. चारशे किलोच्या म्हशीत अंदाज थोडा चुकला तरी खपून जायचा आणि हात त्याच अंदाजाला बसला. कुत्रं तेव्हा उसाच्या राखणीला, मांजर उंदराला. त्यांना डॉक्टरकडं न्यायचं कुणाच्या मनातच यायचं नाही, यात माझ्या आजोबांचंही घर आलं. मग गेल्या वीसेक वर्षांत कुत्री-मांजरं घरात आली, सोफ्यावर आली, पण हात तोच राहिला.

अर्धी गोळी म्हणजे नक्की किती, हे तर सांगताच येत नाही. मुधोळचं चांगलं कुत्रं पंचवीस किलोच्या आसपास भरतं, पॉमेरियन चार-पाच किलोचं, मनी सव्वातीन किलोची. तीच अर्धी गोळी मुधोळला कमी पडते आणि मांजराला कदाचित अतीच होते, म्हणून डोस किलोवर मोजायचा असतो. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी ते खास जनावरांसाठी म्हणून आलं, कुत्र्यांना छान लागू पडलं, मग मांजरांनाही जास्त डोसनं दिलं जाऊ लागलं आणि काही मांजरं आंधळी झाली, डोळ्याचा पडदाच गेला. त्यानंतर मांजराला दिवसाला किलोमागं 5 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही अशी मर्यादा घातली गेली. वाढत्या वयाच्या पिल्लांना त्यानं सांध्यातली कूर्चा खराब होते ते वेगळंच. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनासुद्धा हे नुकसान होऊन मगच कळलं, तिथं आपण उरलेल्या स्ट्रिपवर भरवसा कसा ठेवायचा? (लहान मुलांच्या काही सिरपात गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. आणि पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, ते अँटिबायोटिक नाही पण कपाटात शेजारीच असतं म्हणून सांगते.)

कायदा नव्हता असं नाही. शेड्यूल एच ही कायद्यातली औषधांची यादी जुनीच आहे, त्यातलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच वन लागू झालं, त्यात 46 औषधं, त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदारानं वहीत करून ती तीन वर्षं ठेवायची. 2016 ला सरकारनं लाल रेघेची मोहीम काढली. तुमच्या घरातली स्ट्रिप उलटी करून बघा, उभी लाल रेघ दिसेल, ती 'चिठ्ठीशिवाय नको' असं सांगणारी आहे. 2019 ला कोलिस्टिन कोंबड्या-गुरांच्या खाद्यात घालायला बंदी आली. एवढं होऊनही काउंटरवर 'कुत्र्याला आहे, दोन गोळ्या द्या' म्हटलं की अजून मिळतात, हे मी स्वतः बघितलंय आणि मला त्याची भीती वाटते, कारण कुत्र्याच्या कातडीवरचे औषधाला सरावलेले जंतू त्याला कुशीत घेणाऱ्या पोराकडंही येऊ शकतात.

आणखी एक बदललंय. पूर्वी सगळ्यांना सांगायचे, कोर्स जितका लांब तितका चांगला. कुत्र्या-मांजरांच्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनला 2011 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 7 दिवस होते, 2019 ला तेच 3 ते 5 दिवसांवर आणलं. किरकोळ जुलाबाला तर बऱ्याचदा अँटिबायोटिक लागतच नाही. त्यामुळं डॉक्टरांनी तीनच दिवस दिलं म्हणून 'हे काय, कमी दिलं' असं वाटून घरचं आणखी दोन दिवस वाढवायचं नाही, आणि पाच दिवस सांगितलेलं तिसऱ्या दिवशी बरं दिसतंय म्हणून परस्पर थांबवायचंही नाही. उलटी, जुलाब, चेहऱ्याला सूज असलं काही झालं तर पुढची गोळी द्यायच्या आधी फोन करायचा.

आमच्याकडं गोळी दुधात चुरून द्यायची पद्धत आहे, आईचीही तीच. डॉक्सीला ती चालत नाही, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते पुरतं अंगाला लागत नाही. आता आई उकडलेल्या चिकनचा बोटाएवढा तुकडा घेते, त्यात गोळी, मागनं सिरिंजनं पाणी, मनी कुरकुरते पण गिळते. वजनाला तिला पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेतो, इलेक्ट्रिक काट्यावर ठेवतो. परवाचं वजन आईनं कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, मनी 3.240, आणि खाली तारीख.