जुन्या गाडीला जाड ऑइल: बेअरिंगमधल्या फटीचे गणित

गाडी जुनी झाली की इंजिनात जाड ऑइल घालावे, हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की त्यामागचे कारण विचारावे असे फारसे कोणाला वाटत नाही. विचारलेच तर "इंजिन झिजलेले असते, पातळ ऑइल टिकत नाही" एवढेच उत्तर मिळते. त्यात तथ्य आहे, पण ते कोणत्या इंजिनाला, किती झिजेपर्यंत आणि डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी कोणत्या आकड्याला लागू होते, हे ठरवल्याशिवाय त्या सल्ल्याचा उपयोग नाही. नुसते वय हे ग्रेड बदलण्याचे कारण नसते. हलत्या भागांमधली फट वाढणे हे खरे कारण असते, आणि वीस वर्षे जपून वापरलेल्या इंजिनात ती फट जेमतेम वाढलेली असते, तर पाच वर्षे ऑइल न बदलता पळवलेल्या इंजिनात ती भलतीच वाढलेली असू शकते.

प्रथम आकडे पाहू. ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे जे लिहिलेले असते, ते 'एसएई' या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे-३०० या मानकानुसार असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या वागणुकीचा आहे. १०डब्ल्यू ऑइल उणे २५ अंश सेल्सिअसला इंजिन फिरवू देईल इतपत सैल असावे लागते. २०डब्ल्यूची हीच कसोटी उणे १५ अंशांना घेतली जाते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी असतो. १०० अंशांना ज्याची श्यानता, म्हणजेच दाटपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो ते ४० ग्रेडचे, आणि १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असतो ते ५० ग्रेडचे.

यावरून अनेकांचा असा समज होतो की १०डब्ल्यू-४० हे ऑइल थंड असताना पातळ असते आणि तापल्यावर दाट होते. तापल्यावर दाट होणारे इंजिन ऑइल अस्तित्वात नाही. सर्वसाधारण १०डब्ल्यू-४० ची श्यानता २० अंशांना सुमारे २५० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना ती १४ च्या आसपास उतरते. २०डब्ल्यू-५० मध्ये हेच आकडे साधारण ५०० आणि १८ असे असतात. म्हणजे तापलेल्या इंजिनात या दोन ऑइलांमधला फरक पाव पट आहे, पण सकाळी इंजिन सुरू करताना तो दुप्पट असतो. जाड ऑइलाचा लाभ गरम इंजिनात जितका मिळतो, त्यापेक्षा बरीच मोठी किंमत थंड इंजिनाला मोजावी लागते. दोन बोटांत ऑइल चोळून "यात दम राहिलेला नाही" असा निर्वाळा देण्याची पद्धतही याच कारणाने निरर्थक ठरते, कारण बोटांच्या तापमानाला कोणतेच चालते बेअरिंग काम करत नाही.

आता बेअरिंगमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते पाहू, कारण या विषयाचे सारे मर्म तिथे आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे शाफ्टचा व्यास ५० मिलिमीटर धरला, तर त्याच्या आणि बेअरिंगच्या व्यासांत साधारण ०.०५ मिलिमीटरचे, म्हणजे ५० मायक्रॉनचे अंतर ठेवलेले असते. पिस्टनवर स्फोटाचा दाब आला की क्रँकशाफ्ट एका बाजूला दाबला जातो. अशा वेळी धातूला धातू घासत कसा नाही? पंपाने पाठवलेल्या ऑइलाचा दाब शाफ्टला उचलून धरतो, असे पुष्कळांना वाटते. पण पंपाचा दाब अवघा तीन-चार बार असतो आणि बेअरिंगवर येणारा भार पेलण्यासाठी शेकडो बार लागतात.

हे कोडे १८८३ मध्ये एका अपघाती निरीक्षणातून उलगडू लागले. बोशांप टॉवर हे इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आसाचा खालचा भाग ऑइलात बुडालेला होता आणि बेअरिंगच्या वरच्या बाजूला ऑइल सोडण्यासाठी एक भोक पाडलेले होते. आस फिरू लागल्यावर त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवर यांनी भोकात बूच बसवले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. शेवटी दाबमापक जोडला, तेव्हा तिथला दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीपर्यंत गेलेला आढळला. हा दाब कोणत्याही पंपाने निर्माण केलेला नव्हता, कारण त्या मांडणीत पंपच नव्हता. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी या निरीक्षणाला गणिती आधार दिला, आणि यंत्रांच्या वंगणाचा विचार आजही त्यांच्याच समीकरणाने केला जातो.

भाराखाली शाफ्ट बेअरिंगच्या मध्यावर न राहता थोडा सरकतो, त्यामुळे त्याच्याभोवतीची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळी होते, म्हणजे फटीला पाचरीचा आकार येतो. फिरणारा पृष्ठभाग आपल्याला चिकटलेले ऑइल रुंद बाजूकडून चिंचोळ्या बाजूकडे ओढत नेतो. तिथे जागा कमी पडते, ऑइल सहजासहजी दबत नाही, आणि श्यानतेमुळे ते झटकन निसटूही शकत नाही. परिणामी त्याचा दाब प्रचंड वाढतो आणि तोच दाब शाफ्टला उचलून धरतो. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतात, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की रस्त्यावर तो घातक ठरतो आणि बेअरिंगमध्ये त्याच्यावरच इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. हा थर सर्वांत अरुंद जागी काही मायक्रॉनचाच, कधी कधी एखाद्याच मायक्रॉनचा असतो. तो टिकतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: श्यानता, वेग आणि भार. श्यानतेला वेगाने गुणून भाराने भागले की येणारी संख्या पुरेशी मोठी असेल तोवर धातूचे पृष्ठभाग एकमेकांना शिवत नाहीत.

पंपाचे काम या पाचरीला अखंड ऑइल पुरवत राहण्याचे आहे, कारण बेअरिंगच्या दोन्ही कडांनी ते सतत बाहेर गळत असते. झिजलेल्या इंजिनाचा प्रश्न या गळतीपाशी सुरू होतो. ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. फट दीडपट झाली तर गळती सुमारे ३.४ पट होते, फट दुप्पट झाली तर आठ पट. याउलट ४० वरून ५० ग्रेडवर गेल्याने गरम ऑइलाची श्यानता साधारण सव्वापट होते. सव्वाचे घनमूळ काढले तर ते जेमतेम १.०८ येते. याचा अर्थ असा की एक ग्रेड वर चढल्याने फक्त आठ टक्के वाढलेल्या फटीची भरपाई होते, म्हणजे ५० मायक्रॉनची फट ५४ मायक्रॉन झाली असेल तर. ती ७५ मायक्रॉनवर गेली असेल, तर गळती पूर्ववत करण्यासाठी साडेतीन पट दाट ऑइल लागेल, आणि ६० ग्रेडचे ऑइलसुद्धा त्याच्या निम्म्यापर्यंतच पोहोचते. 'इंजिन कामाला आले आहे' असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा त्या इंजिनाला डब्यातून बरे करण्याचे दिवस सरलेले असतात.

त्यातही हा सव्वापट लाभ पूर्ण हाती लागत नाही. वरच्या बेअरिंगमध्ये शाफ्टचा पृष्ठभाग मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीला सेकंदाला जवळजवळ आठ मीटर वेगाने सरकत असतो, आणि त्याच्याखालचा ऑइलाचा थर काही मायक्रॉनचा असतो. या वेगाला थराच्या जाडीने भागले की जी संख्या येते, जिला कर्तन-दर म्हणतात, ती सेकंदाला दहा लाखांच्या घरात जाते. इतक्या जोराने घुसळले जाणारे ऑइल स्वतःच तापते, दाट ऑइल अधिक तापते आणि तापल्याने पातळ होते. २०डब्ल्यू-५० चे तापमान १०० वरून ११० अंशांवर गेले की त्याची श्यानता १४ च्या आसपास येते, जी १०० अंशांना १०डब्ल्यू-४० ची असते.

शिवाय आजच्या बहुतेक ऑइलांत तापमानाने होणारी घसरण रोखण्यासाठी लांब साखळ्यांचे बहुवारिक (पॉलिमर) रेणू मिसळलेले असतात. गरम झाल्यावर ते उलगडतात आणि ऑइलाला दाटपणा देतात, पण तीव्र कर्तनात ते प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि काही कायमचे तुटतात. म्हणून जे-३०० मध्ये १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख इतका कर्तन-दर यांवर आधारित आणखी एक कसोटी आहे. तिच्यात १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद (श्यानतेचे आणखी एक एकक) इतकी श्यानता टिकवावी लागते, १५डब्ल्यू-४० ला ३.७, आणि २०डब्ल्यू-५० लाही ३.७ च. बेअरिंगच्या खऱ्या परिस्थितीत ४० आणि ५० या आकड्यांमधले अंतर किती कमी होऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे.

जाड ऑइलाचे तोटे मात्र निश्चित असतात. थंड इंजिनात पंप ते ढकलू लागला की दाब झपाट्याने वाढतो, दाबनियंत्रक व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे ऑइल इंजिनाच्या वरच्या भागात पोहोचण्याऐवजी परत तळाच्या ऑइल-चेंबरमध्ये जाते. डॅशबोर्डवरचा काटा त्या वेळी भरपूर दाब दाखवतो आणि चालक समाधान पावतो. पण दाब हे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप आहे, प्रवाहाचे नव्हे. व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट त्या क्षणी कोरडाच फिरत असू शकतो.

इथे जुन्या गाडीचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक गाडी जुन्या रचनेची असते: कार्बुरेटरची, रुंद फटींची, मूळ पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० सांगितलेली. तिला ते ऑइल झिजेमुळे नव्हे, मूळ रचनेमुळे लागते, आणि आधुनिक ०डब्ल्यू-२० तिच्यात घालणे चूक ठरेल. दुसरी गाडी नव्या रचनेची, पण वापरून जुनी झालेली असते. तिच्यात ऑइलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला दुवा) आणि व्हॉल्व्हची वेळ ऑइलाच्या दाबाने बदलणारी यंत्रणा असते, आणि त्यांच्या बारीक वाटा ५डब्ल्यू-३० गृहीत धरून आखलेल्या असतात. तिला २०डब्ल्यू-५० देणे म्हणजे झीज आहे तशीच ठेवून वर नवी अडचण ओढवून घेणे होय.

जुन्या रचनेच्या गाडीसाठी ग्रेडइतकेच महत्त्व ऑइलातल्या जस्त-फॉस्फरस संयुगाला आहे. त्या इंजिनांत सपाट टॅपेट कॅमवर घासत जातो, तिथे पाचर नीट तयार होत नाही आणि धातूचे रक्षण या संयुगाचा रासायनिक थर करतो. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या एसएम या दर्जा-वर्गापासून ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपुरते मर्यादित केले गेले. ४० आणि ५० ग्रेडना या वर्गात ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे सपाट टॅपेटच्या इंजिनाला त्या ग्रेड दुहेरी सोयीच्या ठरतात.

ऑइलात मिसळण्याच्या 'इंजिन नवे करणाऱ्या' बाटल्यांविषयी स्पष्टच लिहायला हवे. त्यांतल्या कित्येक बाटल्यांत प्रामुख्याने श्यानता वाढवणारे तेच बहुवारिक असते. आवाज आणि धूर काही दिवस कमी होतो, झिजलेला धातू मात्र परत येत नाही. फिरत्या चकतीवर लोखंडी तुकडा दाबून दाखवली जाणारी प्रात्यक्षिकेही फसवी असतात, कारण त्यांत तपासला जाणारा कोरड्या घर्षणाचा प्रकार तरत्या बेअरिंगमध्ये घडतच नाही.

मग निवड कशी करावी? गाडीच्या पुस्तिकेतला तक्ता आधी पाहावा. जुन्या पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात आणि त्या मर्यादेतच निवड करावी. त्यानंतर इंजिन पूर्ण तापल्यावर, गाडी उभी असताना, ऑइलाचा दाब खऱ्या दाबमापकाने मोजून घ्यावा. तो पुस्तिकेतल्या किमान आकड्याहून वर असेल तर गाडी कितीही जुनी असली तरी ग्रेड बदलण्याचे कारण नाही. दाब कमी असेल तर डिपस्टिक हुंगून पाहावी: पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसत असेल, तर इंधन ऑइलात उतरून ते पातळ करत आहे, आणि दुरुस्ती कार्बुरेटरची किंवा इंजेक्टरची करायला हवी. निळा धूर फक्त इंजिन सुरू करताना येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. त्यांचा इलाज सील बदलणे हाच आहे. गाडी पळवताना तो सतत येत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्यावा.

हे सारे पाहूनही दाब थोडासाच कमी भरत असेल, तर एक ग्रेड वर जाण्यास हरकत नाही, पण वाढवायचा तो दुसरा आकडा. १५डब्ल्यू-४० वरून १५डब्ल्यू-५० वर किंवा ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर गेल्यास गरम इंजिनाला आधार मिळतो आणि थंड इंजिनाच्या त्रासात फारशी भर पडत नाही. आणि पुढे कधी क्रँकशाफ्ट घासून नवी बेअरिंग बसवली, म्हणजे फट पुन्हा मूळच्या मापाची झाली, तर हे जाड ऑइल बंद करून पुस्तिकेतल्या ग्रेडवर परत यावे.