वायरलेसवर मदत करायचीय? हॅम लायसन्सचा अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

पावसाळा तोंडावर आला की मंडळांतल्या, ट्रेकिंग ग्रुपमधल्या पोरांची विचारणा सुरू होते, आपत्तीत वायरलेसवर काम करायचंय, त्यासाठी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स कसं काढायचं. विचार चांगलाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि मोबाईल लागेनासे झाले, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वायरलेसचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण अर्ज परत येतात ते त्याच त्या कारणांनी, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, पोलीस, फायर ब्रिगेड यांचं वायरलेस नेटवर्क त्यांचं स्वतःचं असतं. हॅम लायसन्स मिळालं म्हणून त्यावर बोलता येत नाही, आणि ते चोरून ऐकायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. हॅमचे बँड, म्हणजे ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या, हातातल्या सेटवर बहुतेक जण १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर असतात. धंद्यासाठीही ते चालत नाही, म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या गाड्या किंवा सिक्युरिटी गार्ड यांचं रोजचं बोलणं हॅमवर नाही करता येत, त्यासाठी संस्थेला दूरसंचार विभागाकडून वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. विसर्जनाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी आपसात बोलायचं एवढंच असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे सेट विनालायसन्स चालतात, फक्त त्या सेटला इक्विपमेंट टाईप अप्रूव्हल (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी) आहे का ते बघून घ्या.

आता हॅम. वय १२ पूर्ण पाहिजे. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर, फोटो, सही, ओळखपत्र, पत्ता आणि जन्मतारखेचा पुरावा, अठराच्या आतल्यांना पालकांची संमती. परीक्षेच्या दोन ग्रेड, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला रेडिओची थिअरी आणि नियम असे दोन भाग, प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला पेपर मोठा आणि वर मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी. नवख्यांनी रिस्ट्रिक्टेडच द्यावी, मोर्स नंतर शिकता येतं. नियमांचा भाग मात्र वाचा हो, थिअरीत इंजिनिअरिंगची पोरं पैकीच्या पैकी आणतात आणि नियमांत चाळीसच्या खाली राहून नापास होतात, फार वाईट वाटतं बघून.

अर्ज सगळ्यात जास्त अडकतो तो पत्त्यावर. लालबागला चाळीत भाड्याने राहणारा मुलगा, आधारवर पत्ता संगमेश्वरचा, आणि फॉर्ममध्ये लिहिलेला पत्ता मुंबईचा. अर्ज परत! यात मुलाची चूक काय, अर्धी मुंबई अशीच राहते, पण तपासणाऱ्याला कागदाशी कागद जुळवायचा असतो, तुमची अडचण त्याला दिसत नाही. म्हणून आधी आधारवर पत्ता बदलून घ्या आणि मग फॉर्म भरा, थोडा उशीर झाला तरी चालेल. लिव्ह अँड लायसन्स करार लावणार असाल तर तो नोंदणीकृत हवा आणि मुदत संपलेली नको, अकरा महिन्यांचा करार अर्ज मंजूर व्हायच्या आतच संपतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तसंच नावाचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. फॉर्ममध्ये नाव आधारवर आहे अक्षरन्‌अक्षर तसंच टाका.

सबमिट केलं, पावती आली की लोक निवांत होतात, तसं करू नका. परीक्षेची तारीख पावतीवर नसते, ती नंतर कळवतात, तेव्हा मेल (स्पॅमसकट) आणि पोर्टल दोन्ही बघत राहा. मुंबईकरांची परीक्षा बोरिवलीला गोराई रोडच्या मॉनिटरिंग स्टेशनवर होत आलीय, पण तुम्हाला कळवलेलं ठिकाण असेल तेच खरं धरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते ऑपरेटरचं सर्टिफिकेट. सेट लावून बोलायला स्टेशनचं लायसन्स लागतं, त्याचा अर्ज वेगळा, आणि कॉलसाईन, म्हणजे वायरलेसवरची तुमची ओळख, त्याच्यासोबत येतो, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारा, जनरलला व्हीयू२ ने. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय आणि दुसरा अर्ज केलेलाच नाही अशी किती तरी माणसं आहेत. त्या अर्जातला पत्ता म्हणजे जिथे तुमचा सेट असणार ती जागा, परत तोच पुरावा लागणार, म्हणून वर पत्त्याबद्दल एवढं लिहिलं.

कॉलसाईन हातात येईपर्यंत ऑनलाईन स्वस्तात दिसला म्हणून हॅमचा सेट मागवू नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवर बेकायदा वॉकीटॉकी विकण्याविरुद्ध नियमावली काढलीय, पण विकणारा सुटला तरी विनालायसन्स वापरणारा अडकतोच.

गच्चीवर अँटेना लावायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, सेक्रेटरीने तोंडी हो म्हटलेलं पुढच्या कमिटीला मान्य नसतं. लायसन्सची झेरॉक्स जोडून, अँटेना किती उंच आणि गच्चीवर नेमकी कुठे लावणार ते लिहून अर्ज द्या, आणि पोचवर सही-शिक्का घ्या.