थंडीत हायब्रिड गाडी का ढेपाळते? थोडी पार्श्वभूमी

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी. गोव्यात पारा शून्याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे लेह-मनालीहून परतलेला एखादा गोंयकार फोंड्याच्या गॅरेजात ‘तिथं सकाळी गाडी ओढतच नव्हती’ म्हणतो, तेव्हा मेकॅनिकसमोर ठणठणीत गाडी उभी असते. मग बहुतेक वेळा खापर पेट्रोलवर फुटतं.

ही तक्रार हायब्रिडइतकीच जुनी आहे. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली. सुरुवातीच्या प्रियसच्या डॅशबोर्डवर चक्क कासवाचा दिवा होता. बॅटरी पुरेशी ताकद देऊ शकत नसेल, तेव्हा तो लागायचा, आणि कडाक्याच्या थंडीत हे व्हायचंच. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी गारठली की आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, जास्त करंट ओढला की व्होल्टेज धाडकन पडतं. म्हणून गाडीचा संगणकच हात आखडता घेतो. ताकद गेलेली नसते, रोखलेली असते. लिथियम-आयनमध्ये आणखी एक भानगड: शून्याखाली जोरात चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो. त्यामुळे ब्रेक लावताना मोटर जी वीज बनवून बॅटरीत परत भरते, तीही कमी घेतली जाते. आपल्याकडे दोन्ही जाती धावतात. इनोव्हा हायक्रॉस निकेलवाली, ग्रँड विटारा हायब्रिड लिथियमवाली.

इंजिनाच्या गारठ्यावरही उपाय झाले. २००४ च्या अमेरिकी प्रियसमध्ये गरम कूलंट (इंजिनात फिरणारं थंडाव्याचं द्रव) साठवणारा थर्मास होता! हेतू मात्र मुख्यतः धूर कमी करण्याचा.

लडाखात गुंता वाढतो तो उंचीमुळे. खारदुंग ला या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, आणि या गाड्यांच्या इंजिनांना टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. गाडी तापल्यावर जोर परत आला तर दोष थंडीचा; खाली उतरल्यावरच आला तर उंचीचा. दोन्हींनंतरही नाहीच आला, तर खरा बिघाड शोधायचा.

त्यासाठी १९९६ पासून अमेरिकेत सक्तीची झालेली ओबीडी-२ पद्धत कामी येते, म्हणजे गाडीचा संगणक बिघाड ओळखून त्याचा ठरावीक कोड नोंदवतो. कोड पडला की त्या क्षणाचं तापमान, वेग वगैरे ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये नोंदलं जातं. ‘पी०ए८०’ म्हणजे बॅटरी पॅकच संशयात. पॅकमधला एखादा कमजोर ब्लॉक (सेलचा गट) थंडीत आधी उघडा पडतो. पण स्कॅनर लावताच कोड पुसायची घाई झाली, तर ही नोंदही पुसली जाते.