बल्क कूलरमधील तापमान नियंत्रक व सेन्सर : दोषशोधन

दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर धारोष्ण दूध साधारण ४° से.पर्यंत थंड करून तिथेच राखतो. कॉम्प्रेसर केव्हा चालू करायचा नि केव्हा बंद, हे पॅनेलवरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ठरवतो. त्याला तापमान कळते ते टाकीला लागून असलेल्या नळीत बसवलेल्या सेन्सरकडून. बिघाड झाला की आधी कंट्रोलर बदलण्याची घाई होते. दोष मात्र बऱ्याचदा सेन्सरमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा टर्मिनलवर निघतो, कारण धुण्याचे पाणी, ओल आणि थरथर त्यांनाच सोसावी लागते.

अशा ठिकाणी सर्रास आढळणारा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा छोटा घटक. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. ‘१० के’ सेन्सरचा रोध २५° ला १० किलोओहम असतो. ०° ला मात्र तो प्रकारानुसार सुमारे २७ किंवा ३३ किलोओहम भरतो. बदली सेन्सर घेताना फसगत होते ती इथेच. २७ वाल्याच्या जागी ३३ वाला बसवला, तर खोलीच्या तापमानाला आकडा अगदी बरोबर दिसतो, पण दूध ४° ला असताना कंट्रोलरचा पडदा ०° च्या आसपास दाखवतो आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो.

आकडा कोणत्या बाजूला चुकतो, हाच दोष शोधण्याचा सर्वांत चांगला धागा आहे. सेन्सरच्या टोपणात किंवा केबलच्या जोडात ओल शिरली की त्या वाटेने थोडा प्रवाह गळतो, एकूण रोध घटतो आणि तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ४° ला २३ किलोओहम असलेल्या सेन्सरला १०० किलोओहमची गळती समांतर लागली, तरी पडद्यावर ९° च्या आसपास आकडा येतो. कॉम्प्रेसर थांबत नाही आणि दूध तळाशी गोठू लागते. गंजलेल्या स्क्रूने किंवा अर्धवट तुटलेल्या तारेने उलट होते : रोध वाढतो, तापमान कमी दिसते आणि दूध नासते. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये दिशा पालटते. त्याचा रोध ०° ला १०० ओहम असून दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. म्हणून जोडातला अवघा १ ओहम आकडा २.६° ने चढवतो. केबलच्या तारांचा रोध वजा व्हावा म्हणूनच त्यात तीन तारांची जोडणी असते.

तपासणीआधी वीज बंद करून सेन्सरच्या तारा सोडवाव्यात. सेन्सरचा रोध मोजताना मल्टिमीटरची दोन्ही टोके बोटांनी दाबून धरू नयेत. शरीराचा रोध समांतर लागून मोजमाप बिघडते. नंतर ‘१० के’ सेन्सरच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावून वीज द्यावी. पडद्यावर २५° आले तर कंट्रोलरची मापनबाजू निर्दोष आहे. अगदी स्वस्तातला हा तुकडा नव्या कंट्रोलरचा खर्च वाचवतो. सेन्सर मात्र चुरलेल्या बर्फात थोडे पाणी घालून, ढवळत, काही मिनिटे बुडवून पाहावा. ०° यायला हवे. अर्ध्या-एक अंशाचा फरक ऑफसेटने, म्हणजे कंट्रोलरमध्ये ठरावीक अंश मिळवण्या-वजा करण्याच्या सोयीने, दुरुस्त करता येतो. पाच अंशांचा फरक ऑफसेटने झाकणे म्हणजे दोष लपवणे, कारण ओलीमुळे आलेली चूक रोज बदलते.

तापमान बरोबर दिसूनही कॉम्प्रेसर चालू होत नसेल, तर आधी ३ मिनिटांच्या आसपासचा विलंब संपू द्यावा. कॉम्प्रेसर लागोपाठ चालू-बंद होऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. त्यानंतर रिलेचा, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमाने वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, दिवा लागूनही त्याच्या दोन संपर्कांमध्ये २३० व्होल्ट दिसत असतील, तर संपर्क जुळत नाहीत. दिवा विझूनही कॉम्प्रेसर चालत राहिला, तर रिलेचे किंवा पुढच्या कॉन्टॅक्टरचे (कॉम्प्रेसरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचचे) संपर्क चिकटले आहेत.

सेन्सर तुटल्यावर अनेक कंट्रोलर दोषसंकेत दाखवत कॉम्प्रेसर ठरावीक मिनिटे चालू-बंद करत राहतात. त्यामुळे यंत्र ठीक असल्याचा भास होतो. याउलट कधी सगळी उपकरणे शाबूत असतात आणि फक्त ढवळणीची मोटर बंद पडलेली असते. तेव्हा सेन्सर तळचे थंड दूध इमानाने मोजतो, वरचा थर कोमटच राहतो.