टुकार वादळपट

टुकार वादळपट : विचित्र हवामानावरचे, म्हणजे बर्फाचे टोर्नेडो, एका दुपारीत येणारं हिमयुग, समुद्रातले मासे घेऊन फिरणारं चक्रीवादळ अशा विषयांवरचे, कमी पैशात आणि बहुतेक वेळा थेट टीव्ही किंवा डीव्हीडीसाठी काढलेले अमेरिकन आणि कॅनेडियन आपत्तीपट, आणि ते वाईट आहेत हे नीट माहीत असूनही आवडीने बघायची सवय. ही नोंद मुख्यतः सवयीबद्दल आहे, सिनेमांची यादी इथे मिळणार नाही. भूकंप, उल्का, ज्वालामुखी हे खरं तर वेगळं खातं, पण निर्माते स्वतःच ते पाळत नाहीत, ज्वालामुखीतून टोर्नेडो निघाला तरी त्यांची हरकत नसते.

‘वादळपट’ हा शब्द या नोंदीच्या सोयीपुरता घेतलाय. ‘टुकार’ मात्र लोकांच्या तोंडचा आहे आणि तो मुद्दाम ठेवलाय, कारण जवळचे दुसरे शब्द इथे बसत नाहीत. भंगार सिनेमा माणूस अर्ध्यात बंद करतो. पांचट हा विनोदाचा गुण, आणि या सिनेमांत निदान पहिल्या पिढीत तरी कोणी विनोद करत नाही. टुकार म्हणताना मात्र थोडी माया असते, टुकार पोराबद्दल बोलताना असते तशी. इंग्रजीत ‘इतका वाईट की चांगला’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे तो याच्या जवळ जातो.

उगम : प्रकार नक्की कधी सुरू झाला यावर एकमत नाही. लोकप्रिय लिखाणात 1996 चा ‘ट्विस्टर’ आरंभ मानतात, यान दे बाँटने सुमारे 9 कोटी डॉलरमध्ये केलेला आणि जगभरात जवळपास 50 कोटी कमावलेला. मोठा सिनेमा चालला की स्वस्त नकला निघतात हे बरोबर, पण तारखा बघितल्या तर गंमत होते. ‘नाइट ऑफ द ट्विस्टर्स’ हा टीव्हीपट त्याच वर्षी फेब्रुवारीत लागला होता आणि ब्रूस कॅम्पबेल नायक असलेला ‘टोर्नेडो!’ मे महिन्यात, ‘ट्विस्टर’ थिएटरात यायच्या थोडेच दिवस आधी. म्हणजे नक्कल अस्सलच्या आधी हजर. याचा अर्थ टीव्हीवाल्यांना जाहिरातींचा वारा कळतो एवढाच घ्यावा, स्वतंत्र उगम वगैरे म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. शिवाय ‘नाइट ऑफ द ट्विस्टर्स’ ज्या पुस्तकावर आहे त्याला नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडच्या 3 जून 1980 च्या खऱ्या टोर्नेडोंची पार्श्वभूमी आहे, त्यामुळे तो या नोंदीत ढकलणं थोडं अन्यायाचंच.

दुसरा पक्ष 2004 धरतो. त्या वर्षी रोलंड एमरिचचा ‘द डे आफ्टर टुमॉरो’ आला, आणि नोव्हेंबरात सीबीएस या अमेरिकन वाहिनीने ‘कॅटेगरी 6’ नावाचा दोन भागांचा टीव्हीपट दाखवला, पुढच्या वर्षी अर्थातच ‘कॅटेगरी 7’. आमच्या मते हा पक्ष जास्त बरोबर, कारण पुढच्या टुकार सिनेमांचा साचा 1996 वाल्यांत नाही, इथे सापडतो. घटस्फोटित किंवा त्या वाटेवरचा हवामानशास्त्रज्ञ, त्याचं न ऐकणारा साहेब, चुकीच्या शहरात अडकलेलं पोर, लष्करातला एक जाड मानेचा अधिकारी, आणि शेवटी वादळावर काहीतरी फोडणं. हा साचा नंतर ‘आइस ट्विस्टर्स’ (2009), ‘आर्क्टिक ब्लास्ट’ (2010) आणि अशा कितीतरींनी जसाच्या तसा वापरला.

तिसरी बाजू धंद्याची. असायलम ही कंपनी 1997 ची. 2005 साली स्पीलबर्गचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ यायच्या बेतात असताना त्यांनी त्याच कादंबरीवर स्वतःचा स्वस्त सिनेमा काढला आणि ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीने त्याच्या 1 लाख प्रती मागवल्या. तिथून कंपनीला रस्ता सापडला, मोठ्या सिनेमाच्या नावासारखं नाव घ्यायचं आणि त्याच सुमारास बाजारात यायचं. याला मॉकबस्टर म्हणतात. 2017 मध्ये ‘जिओस्टॉर्म’ आला तेव्हा यांचा ‘जिओ-डिझास्टर’ तयारच होता. बाकी खर्च वाचवायच्या युक्त्या सगळ्यांच्या सारख्याच, करसवलतीसाठी कॅनडात शूटिंग, बातम्यांतल्या पुराची विकत घेतलेली दृश्यं, आणि एकच हेलिकॉप्टर चारदा.

विज्ञान : वादळपटांतलं विज्ञान चुकीचं असतं हे कोणीही सांगेल, पण कसं चुकीचं असतं हे सहसा कोणी सांगत नाही, आणि अर्धी मजा तर तिथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सगळ्यात जास्त उसनी घेतलेली कल्पना म्हणजे वरच्या थरातली महाथंड हवा धाडकन खाली येते आणि माणसं उभ्याउभ्या गोठतात. ‘द डे आफ्टर टुमॉरो’मध्ये स्कॉटलंडवर हेलिकॉप्टरं अशीच गोठून पडतात, ‘आर्क्टिक ब्लास्ट’मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी टास्मानियावर तेच होतं. आता खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली की तापते, कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळपास 10 अंश सेल्सिअस. 10 किमी वरची हवा उणे 55 च्या आसपास धरली आणि तिला इतक्या झटपट जमिनीवर आणलं की मिसळायला वेळच नाही, तर ती पोचेपर्यंत अधिक 40 च्या पुढे गेलेली असेल. म्हणजे गोठण्याऐवजी नागपूरचा मे महिना. हे समजायला हॉलिवूड लागत नाही, सह्याद्री ओलांडून घाटमाथ्याच्या पूर्वेला उतरणारी हवा गरम आणि कोरडी होते म्हणूनच तिकडे पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, शाळेच्या भूगोलात आहे हे. ज्याला हे माहीत आहे त्याला पडद्यावर पांढरी लाट माणसामागे धावताना आणि माणूस दार लावून तिला बाहेर ठेवताना बघून जे हसू येतं ते वेगळंच असतं.

दुसरी गोष्ट श्रेणीची. चक्रीवादळांची ताकद वाऱ्याच्या वेगावरून मोजणारी सॅफिर-सिम्पसन मापनश्रेणी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची, तीत पाचच पायऱ्या आणि पाचवीला वरची हद्दच नाही, ताशी 252 किमी आणि त्यापुढचं सगळं पाचव्यात. त्यामुळे ‘कॅटेगरी 6’ हे नाव ऐकून हवामानवाले तेव्हा हसले असणार. पण 2024 च्या फेब्रुवारीत मायकेल वेनर आणि जेम्स कॉसिन यांनी एका शोधनिबंधात ताशी 309 किमीच्या वरच्या वादळांसाठी सहावी पायरी कल्पून बघितली. ती अधिकृत झालेली नाही, आणि टीव्हीपटाने भाकीत केलं होतं असं म्हणणं अतीच होईल, तरी टुकार शीर्षकाला 20 वर्षांनी निदान चर्चेत जागा मिळाली हे नोंदवायला हवं.

तिसरं, बॉम्ब. वादळावर अणुबॉम्ब टाकून ते विझवायचं हा शेवट इतका ठरलेला की अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेला खरोखर लोक हे विचारतात आणि त्यांनी उत्तर लिहून ठेवलंय. त्यातला हिशोब असा की पूर्ण वाढलेल्या चक्रीवादळातून बाहेर पडणारी उष्णता म्हणजे दर 20 मिनिटांनी 10 मेगाटनचा एक बॉम्ब, त्यात तुमचा एक कुठे मोजायचा. पण सिनेमावाल्यांना सगळा दोष देऊ नये, खरे शास्त्रज्ञही वादळाच्या नादी लागले होते. 13 ऑक्टोबर 1947 ला प्रोजेक्ट सिरस या हवामानावरच्या अमेरिकन प्रयोगवाल्यांनी अटलांटिकमध्ये दूर निघालेल्या एका वादळात विमानातून कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकला, आणि ते वळून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आपटलं. लोकांनी साहजिकच शास्त्रज्ञांना धरलं. नंतरच्या अभ्यासात वादळ आधीच वळायला लागलं होतं असं निघालं, ते मान्य करायला हरकत नाही, पण ‘साहेब ऐकत नाही आणि प्रयोग उलटतो’ हे कथानक कोणाच्या डोक्यातून आलं याचा अंदाज यावरून बांधता येतो. पुढे 1962 ते 1983 प्रोजेक्ट स्टॉर्मफ्युरी चालला, वादळाच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडायचा, हाती फारसं लागलं नाही.

शार्कनेडो : या प्रकाराचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. 11 जुलै 2013 ला सायफाय वाहिनीवर आला, निर्मिती असायलमची, दिग्दर्शक अँथनी फेरांटे, पटकथा थंडर लेव्हिन, नायक इयन झायरिंग. शीर्षकाचं मूळ म्हणून फेरांटेच्याच आधीच्या एका टीव्हीपटातला संवाद दाखवतात, त्यात एक पात्र गावाला शार्कनेडोने झोडपल्याचं जाता जाता बोलून जातं. वाहिनीला नाव आवडलं आणि सिनेमा नावामागून आला, हा क्रम बहुतेक बरोबर असावा, कारण कथा बघितल्यावर उलटा क्रम संभवत नाही.

कथेत चक्रीवादळ लॉस एंजेलिसवर येतं आणि त्यातले टोर्नेडो समुद्रातले शार्क उचलून शहरात टाकतात. टोर्नेडो मोटारी उचलतो, तेव्हा शार्क उचलला जाण्यात तसं काही नाही, प्रश्न तो हवेत जिवंत राहून नेमका माणसालाच कसा चावतो हा. जलस्तंभात, म्हणजे पाण्यावरच्या टोर्नेडोत, बेडूक, छोटे मासे उचलले जाऊन दूर पडल्याचे वृत्तांत जुने आहेत, पण जलस्तंभ दिसतो तो मुख्यतः हवेतच तयार झालेल्या थेंबांमुळे, समुद्र उपसून नव्हे. आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला थंड प्रवाह असल्याने चक्रीवादळं तिथपर्यंत येता येता मरतात, 1939 च्या सप्टेंबरात एक लाँग बीचला पोचलं होतं तेवढं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियासाठी उष्णकटिबंधीय वादळाचा पहिला अधिकृत इशारा निघाला तो 2023 च्या ऑगस्टमध्ये.

या सिनेमातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. नायकाच्या आधीच्या बायकोच्या घरात पुराचं पाणी शिरतं, दिवाणखान्यात शार्क पोहतो, आरडाओरडा, मारामारी, आणि मग सगळे दार उघडून बाहेर येतात तर अंगण जवळपास कोरडं. पाणी फक्त घरात. पैसे तेवढेच होते. नट मात्र बाहेर येतानाही खऱ्या पुरातून वाचल्यासारखे धापा टाकत असतात, आणि त्या धापांसाठी सिनेमा बघायचा. शेवटी नायक चेनसॉ घेऊन वरून पडणाऱ्या शार्कच्या तोंडात उडी मारतो, आतून कापून बाहेर येतो, सोबत आधी गिळली गेलेली तरुणीही सुखरूप.

पहिल्या प्रसारणाला प्रेक्षक साधारण 13.7 लाख होते, वाहिनीच्या मानाने काही विशेष नाही, पण त्या रात्री ट्विटरवर मिनिटाला 5 हजारांपर्यंत ट्वीट पडत होती, आणि तिसऱ्यांदा दाखवला तेव्हा आकडा 21 लाखांच्या आसपास गेला. टीव्हीवर पुनःप्रसारणाला प्रेक्षक वाढणं उलटंच, म्हणजे लोक सिनेमा बघायला नाही तर एकत्र हसायला येत होते. मग 2018 पर्यंत दर वर्षी एक असे एकूण सहा भाग झाले.

मजा कशाची : यावर अभ्यासकांत तीन मतं दिसतात. सुझन सोनटॅगने 1964 च्या ‘कॅम्प’वरच्या, म्हणजे भडक, अतिरंजित गोष्टींत मजा घेण्याच्या आवडीवरच्या, निबंधात भोळा आणि जाणूनबुजून केलेला असा भेद केला आणि भोळा जास्त समाधान देतो म्हटलं. जेफ्री स्कॉन्सने 1995 मध्ये असे सिनेमे आवडण्याला प्रतिष्ठित अभिरुचीविरुद्धचं बंड मानलं. 2016 मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या सारखोश आणि मेनिंगहाउस यांनी टुकार सिनेमांच्या चाहत्यांची पाहणी केली तर ते सरासरीपेक्षा जास्त शिकलेले आणि कलात्मक सिनेमाही बघणारे निघाले. हे शेवटचं वाचून चाहत्यांना फार बरं वाटतं, म्हणूनच ते जरा जपून वापरावं. बंडाचा सिद्धांत वादळपटांना नीट लागू पडत नाही, रविवारी दुपारी जेवून आडवं होऊन कोणी बंड करत नाही. सोनटॅगचा भेद मात्र शार्कनेडोच्या सहा भागांतच तपासता येतो, पहिल्यात नट जीव तोडून गंभीर आहेत, तिसऱ्यापासून सगळे कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतात आणि हसू आटतं. जोक कळला म्हणून नट स्वतःच हसायला लागला की प्रेक्षकाला काम उरत नाही.

सामूहिक पाहण्याची परंपरा अमेरिकेत निदान 1988 पासून, मिनियापोलिसच्या स्थानिक वाहिनीवर ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ सुरू झालं तेव्हापासून, त्यात एक माणूस आणि दोन बाहुले-रोबॉट वाईट सिनेमा बघत टोमणे मारतात. त्याच मंडळींतल्या काहींच्या रिफट्रॅक्सने 2014 च्या जुलैत शार्कनेडोवर थिएटरांत थेट कार्यक्रम केला. खाजगीत सिनेमा बघता बघता पिण्याचा खेळ होतो, त्याचे नियम ढोबळ असतात, शास्त्रज्ञ ‘माय गॉड’ म्हणाला की एक घोट, नकाशावर लाल गोळा मोठा झाला की एक, वादळात गाडीतली माणसं गदागदा हलतायत आणि खिडकीबाहेरचं झाड शांत उभं आहे असं दिसलं की सगळ्यांनी.

भारतात हे सिनेमे मुख्यतः हिंदीत डब होऊन केबलवर आणि नंतर यूट्यूबवर आले, आणि डबिंगने मजा दुप्पट केली, कारण मूळ नट जितका मख्ख तितका हिंदी आवाज खर्जातला, आणि ‘बवंडर’ हा शब्द दर दोन वाक्यांना. हॉस्टेलवर टुकार सिनेमा पाठ करायची रीत आपल्याकडे त्याआधीच ‘गुंडा’ने (1998) पाडलेली होती, त्यामुळे वेगळं शिकायला लागलं नाही. मात्र खऱ्या अतिवृष्टीचा अनुभव असलेल्यांचं बघणं थोडं वेगळं असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलेला माणूस पडद्यावरच्या पुराला मनापासून हसतो, पण पाण्याची पातळी चुकीच्या ठिकाणी दाखवली की सगळ्यात आधी तोच ओरडतो.