पोटविकारांची जर्नल्स सरकारी खर्चानं वाचायची आहेत? अर्ज नेमका कुठं अडतो ते आधी बघा

मिरजेत वैद्यकीय ग्रंथालयात काम करतो, त्यामुळं डॉक्टरांचे फोन येत असतात. कधी विट्याचे सर्जन, कधी साताऱ्याची मेडिसिनची रेसिडेंट. प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘गट’मधला लेख उघडत नाही, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा अर्ज कुठं करायचा? (‘गट’ म्हणजे बचत गट नव्हे. ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं 1960 पासून निघणारं हे नियतकालिक.) उत्तर ऐकून निम्मे लोक वैतागतात, कारण डॉक्टरनं अर्ज करायचाच नसतो. तो करायचा असतो संस्थेनं.

योजना थोडक्यात अशी. 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि 1 जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे धरून 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स. पैसे केंद्र सरकार भरतं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडं, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडं आहे. ‘गट’ बीएमजेकडून येतं, तर ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ स्प्रिंगरकडून.

ही तीन वर्षं म्हणजे 2025, 2026 आणि 2027, जानेवारी ते डिसेंबर. शैक्षणिक वर्ष नव्हे. ‘31 डिसेंबर 2027 पर्यंत’ असं वाचून काहीजण ती अर्जाची शेवटची तारीख समजतात आणि निवांत बसतात. अहो, त्या दिवशी मंजूर झालेली वर्गणीच संपते. नोंदणीला जितका उशीर, तितकं वाचायचं तुमचंच बुडतं.

आता पात्रता. सगळ्यात जास्त माणसं इथंच परत जातात. केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, एवढेच यात बसतात. म्हणजे मिरजेचं 1962 चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बसतं, साताऱ्याचं अलीकडचं शासकीय महाविद्यालयही बसतं. खासगी महाविद्यालयं आणि खासगी अभिमत विद्यापीठं बसत नाहीत, मग तिथला गॅस्ट्रो विभाग कितीही मोठा असो. खासगी दवाखान्याचा तर प्रश्नच नाही. डीएम झालात, रोज दहा एंडोस्कोप्या करता, तरी पदवी इथं कुणी विचारत नाही. विचारतात ती संस्था.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते ग्रामीण रुग्णालयातल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं. ‘मी सरकारी नोकर, पगार सरकारी, मग मला का नाही?’ प्रश्न बरोबर आहे. पण जतचं किंवा पाटणचं रुग्णालय आरोग्य खात्याचं, ते शिक्षण संस्था नाही, म्हणून बाहेर. खरं तर जिथं शेजारी विचारायला दुसरा डॉक्टर नाही, तिथंच ही जर्नल्स जास्त लागतात. नियम करणाऱ्यांना हे कधी सुचेल कोण जाणे.

तुमची संस्था पात्र असेल तर पुढचं काम नोडल अधिकाऱ्याचं, म्हणजे संस्थेनं या योजनेसाठी नेमलेल्या माणसाचं. बहुतेक ठिकाणी ग्रंथपालांकडंच ही जबाबदारी असते. संस्थेच्या नोंदणीला लागतो एआयएसएचई कोड. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात प्रत्येक महाविद्यालयाला मिळालेला हा क्रमांक. तो प्रत्येक कॉलेजकडं असतो आणि विचारलं तर कुणालाच माहीत नसतो. विद्यापीठाचा संलग्नता क्रमांक किंवा वैद्यक आयोगाच्या पत्रावरचा क्रमांक त्या जागी टाकू नका. कॉलेजची सर्वेक्षणाची माहिती दरवर्षी जो कारकून भरतो त्याला गाठा, दोन मिनिटांत मिळेल.

नोंदणी झाली तरी घरून लेख उघडत नाहीत, ही पुढची तक्रार. कॉलेजच्या इंटरनेटचे आयपी पत्ते प्रकाशकांकडं नोंदवलेले असतात, त्यामुळं तिथल्या वायफायवर लेख आपोआप उघडतो. मोबाईलचा डेटा सुरू केला की तुम्ही प्रकाशकाच्या लेखी परके. कॉलेज एका गावात आणि रुग्णालय दुसऱ्या गावात असेल, तर रुग्णालयाची जोडणी वेगळी असते. तिचे पत्ते यादीत आहेत का, हे मुद्दाम विचारा. बाहेरून वाचायचं तर ‘इन्फेड’ खातं, म्हणजे इन्फ्लिबनेटचं लॉगिन लागतं. ते संस्थेमार्फत मिळतं आणि मंजुरी तिथलाच अधिकारी देतो. नाव, विभाग, हुद्दा, मोबाईल, ईमेल एवढंच भरायचं. शक्यतो संस्थेचा ईमेल द्या. तो नसेल तर ओळखपत्र आणि बोनाफाईड जवळ ठेवा, कारण फक्त जीमेल बघून समोरच्यानं तुम्हाला ओळखायचं कसं? रेसिडेंट मुलांनो, खात्याला मुदत असते, ती तुमचा कार्यकाळ संपेपर्यंतची घालून घ्या. ऐन प्रबंधाच्या महिन्यात लॉगिन बंद पडल्यावर पळत येणारी मुलं मी पाहिली आहेत.

जे बसत नाहीत त्यांनी चोरीच्या पीडीएफच्या नादी लागू नये. पबमेडवर (वैद्यकीय लेख शोधायची फुकट साइट) शोधताना ‘फ्री फुल टेक्स्ट’ची खूण करा, निम्मी कटकट मिटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा लेख 1 जुलै 2025 ला किंवा त्यानंतर स्वीकारला गेला असेल, तर त्याचं हस्तलिखित प्रसिद्धीच्या दिवशीच पबमेड सेंट्रल या फुकट लेखसंग्रहावर खुलं व्हायला हवं. पूर्वी त्यासाठी बारा महिन्यांपर्यंत थांबावं लागायचं. ‘स्टॅटपर्ल्स’ हा आजारांवरच्या लेखांचा संग्रह फुकट आहे. जागतिक गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही फुकट आहेत, आणि मला ती विशेष आवडतात. त्यातल्या बऱ्याच तत्त्वांमध्ये ‘कॅस्केड’ असतात: सगळी यंत्रं असतील तर काय करा, थोडी असतील तर काय, आणि जवळपास काहीच नसेल तर काय. एंडोस्कोप नसलेल्या गावातल्या डॉक्टरला याचा खरा उपयोग.

शेवटची गफलत डॉक्टरांच्या स्वतःच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची. महाराष्ट्र वैद्यक परिषदेला पाच वर्षांत 30 क्रेडिट, म्हणजे मान्यताप्राप्त शैक्षणिक कार्यक्रमांचे गुण लागतात. जर्नल वाचून ते मिळत नाहीत. परदेशी वेबिनारच्या प्रमाणपत्रावर क्रेडिट छापलेलं असलं, तरी तो कार्यक्रम आपल्या परिषदेनं मान्य केलेला नसेल तर ते आपोआप धरलं जात नाही. नाव नोंदवण्याआधी जाहिरातीवर परिषदेच्या मान्यतेचा उल्लेख शोधा. सापडला नाही तर आयोजकांना विचारा, तेही फी भरायच्या आधी.